डावीकडे बगळे

मागच्या सीटवर बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही. दिसते ती एक पाठ. यात कसलं आलंय सुख, असं तुम्ही म्हणाल. पण त्या गल्लीतल्या पडदे शिवणाऱ्या बाईला विचाराल तर ती टाचण्या दातांत धरून नुसती हसेल. कारण तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख त्याच सीटवर होतं, आणि इतक्या वर्षांत तिनं ते कुणालाच, अगदी नवऱ्यालासुद्धा, कळू दिलं नव्हतं. ताकास तूर लागू दिली नव्हती म्हणा ना.

सायकल होती जोडसायकल. लांबलचक सांगाडा, दोन सीटा, दोन हँडलं, चार पेडलं, आणि पुढच्या पेडलांना मागच्या पेडलांशी बांधून ठेवणारी एक साखळी. त्या साखळीमुळे चारही पाय एकदमच फिरायचे. पुढच्यानं पाय थांबवले की मागच्याचेही थांबलेच. दमलो म्हणून एकट्यानं विसावा घ्यायची सोय नाही. मागचं हँडल तर नुसतं धरायला, ते वळतच नाही. लग्न झाल्या झाल्या नवऱ्यानं ती कुठूनशी भंगारात निघालेली आणली, धाकट्या बहिणीला हाताशी घेऊन उभी केली, आणि तेव्हापासून सुटीच्या सकाळी दोघं निघायची ती वस्ती मागे टाकून, टेकडीला वळसा घालून, उतारावरून तळ्याच्या वळणापर्यंत. गल्ली मग त्यांची खरी नावं विसरूनच गेली. तो 'पुढचा' आणि ती 'मागची'. दूधवालासुद्धा दारात उभा राहून विचारायचा, "मागच्या बाई आहेत का घरात?"

"मजा आहे बाई तुझी," शेजारणी चिडवायच्या. "आयत्या बिळावर नागोबा! वळवायचं त्यांनी, ब्रेक त्यांनी दाबायचा, तू आपली बसून!"

"पेडल मीही मारते हो," मागची म्हणायची, पण फार जोर लावून नाही. कारण खरं गुपित त्याहून वाईट होतं. चढ संपला, सायकल उताराला लागली, की मागची डोळे मिटून घ्यायची, ते परतताना घरची गल्ली येईपर्यंत.

आठवडाभर सुईच्या टोकाकडे आणि दुसऱ्यांच्या खिडक्यांच्या मापांकडे बघून शिणलेले ते डोळे. ते मिटले की पाय आपले आपण फिरत राहायचे आणि ती निघून जायची. कधी पाण्यावरून, पाण्याला पाय न लावता. कधी एका भल्यामोठ्या घरातून, जिथे भिंतीच नाहीत, नुसते पडदे, आणि एक बाजूला सारला की त्याच्यामागे दुसरा, अधिकच पातळ. अंगावर वारा असायचा, म्हणून ते खोटं वाटायचं नाही. आणि मग तळ्याच्या वळणावर पुढून आवाज यायचा, "डावीकडे बगळे!"

"उडाले का?" ती विचारायची.

"नाही, अजून बसलेत."

तिच्या मिटल्या डोळ्यांत लगेच पाणी पसरायचं आणि पाण्याच्या कडेला पांढरे बगळे बसायचे, एक पाय पोटाशी घेऊन. ठरलेलाच प्रश्न, ठरलेलंच उत्तर. कधीकधी तिला लाजही वाटायची. बिचारा जीव तोडून दाखवतोय आणि आपण इथे आंधळ्यासारख्या बसलोय! पण डोळे उघडायची बुद्धी काही व्हायची नाही. सुखापुढे लाज किती टिकणार?

मग एका सुटीला तिच्या पायांना काहीतरी कळलं. हो, पायांनाच. डोळे मिटलेलेच होते. परतताना पाण्याच्या टाकीपाशी, जिथे झाडांची सावली रस्त्यावर येते, तिथे पुढचे पाय अडखळले. शिवताना जाड शिवण आली की मशीन जसं क्षणभर थबकतं, तेवढंच. मग ते प्रत्येक सावलीत होऊ लागलं. मग प्रत्येक वळणावर. चौकात तर पेडलं अशी फिरायची, जणू कुणी अंधारात जिना उतरतंय.

"काय होतंय हो?" तिनं विचारलं.

"साखळीला तेल हवंय," पुढचा म्हणाला.

तिनं तेल घातलं. तेलानं काय व्हायचं? कुरकुर साखळीची नव्हतीच. शेवटी सायकल फूटपाथच्या कडेला जाऊन घासली तेव्हा तिनं त्याचा दंड धरला आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर भला माणूस होता, आडवळणं न घेता बोलला. नजर कडेकडून विझत आली आहे, दोन्ही बाजूंनी पडदा ओढत आणावा तशी. मधे थोडी धूसर फट उरली आहे, तीही मिटेल. हा पडदा मागे सारता येत नाही. वाहन चालवायचं नाही, सायकलचं तर नावच काढायचं नाही. पडद्यांतच आयुष्य गेलेल्या त्या बाईनं नवऱ्याचा दंड पुन्हा घट्ट धरला. पुढचा मात्र उठला, डॉक्टरांचे आभार मानले, आणि दाराची चौकट चाचपत बाहेर पडला.

घरी आल्यावर त्यानं सायकल अंगणातल्या भिंतीला टेकवली, तिच्यावर उरलेल्या पडद्याचं कापड टाकलं, आणि खिडकीशेजारच्या खुर्चीत बसला. तो बसलाच. पंपघरात नोकरी केलेला माणूस, नळाच्या आवाजावरून पाण्याचा दाब सांगणारा. आता नळ रात्रंदिवस ठिबकत राहिला तरी उठेना. चहा समोर थंड व्हायचा. रेडिओ लावला तर म्हणायचा, "बंद कर." मागचीला दिसत होतं, माणूस खुर्चीत बसलेला नाही, खुर्चीत मुरत चाललाय. आणखी काही दिवस असेच गेले तर खुर्ची उरेल आणि माणूस जाईल, अशी तिला धास्ती पडली.

"मी पुढे बसते," एक दिवस ती म्हणाली. "तुम्ही मागे बसा."

"तू?" नुसतं तेवढंच. पण त्या एका शब्दात काय काय होतं ते तिलाच माहीत. मग म्हणाला, "मी काय पोतं आहे, मागे टाकून न्यायला? विकून टाक ती."

तिच्या तोंडावर आलं होतं, मग मी इतकी वर्षं पोतं होते का? पण गिळलं. चपला घातल्या आणि नणंदेच्या दुकानाची वाट धरली.

नणंदेचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या फटीत बसवलेली लांबट खोली. आत ग्रीसचा नि रबराचा वास, आणि छताला जोडीजोडीनं टांगलेली पेडलं. दार उघडलं की ती एकमेकांवर किणकिण वाजायची. नणंद तोंडाची फटकळ, नाकावर राग, पण पाना हातात आला की हात असे मऊ पडायचे की बघत राहावं. पेडल विकायची तिची एक तऱ्हा होती. गिऱ्हाईक म्हणालं, "ते चमकणारं द्या," की ती म्हणायची, "चमक पायाखाली जाते, वर बसून दिसत नाही. चढा स्टँडवर." स्टँडवर एक जुनी सायकल, मागचं चाक अधांतरी. पेडलांना खडूची पूड फासलेली. "डोळे मिटा. चालवा." गिऱ्हाईक चालवू लागायचं, रंगात यायचं, आणि मग ही बाई त्याच्या पाठीमागे रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर पान्यानं असा दणका घालायची की शेजारच्या दुकानातले लोकही शिव्या घालायचे. नंतर ती बुटाचे तळवे उलटे करून खडूच्या खुणा बघायची.

"सुखात सगळ्यांचे पाय सारखेच फिरतात," ती म्हणायची. "घाबरल्यावर पाय कुठे जातो, त्यावर पेडल ठरतं."

मागचीनं सगळं सांगितलं. बोलताना मधेच रडलीही. नणंदेनं ऐकून घेतलं, नाक ओढलं आणि म्हणाली, "चढ स्टँडवर, वहिनी."

"वन्सं, माझ्यावर नको हो तो डबा."

"डोळे मीट."

डोळे मिटायला मागचीला कुणी शिकवायला नको होतं. पेडलं फिरू लागली आणि बघता बघता दुकान विरघळलं. वर टांगलेली पेडलं किणकिणत होती, ती आता दूर कुठल्या तरी पाण्यावरची वाटू लागली. एक पडदा सरला, दुसरा सरला. आणि धडाम्!

"अगं बाई गं!" मागचीचे दोन्ही पाय थेट जमिनीकडे गेले. तिथे जमीन नव्हती, स्टँड होता, म्हणून ती बाजूच्या ट्यूबांच्या ढिगावर कोसळली.

नणंद हसून हसून डब्यावरच बसली. मग तळवे बघितले. "हे बघ. खूण पार तळव्याच्या मधोमध. शिवणयंत्राचा पाय आहे तुझा, सबंध टेकतो. आणि घाबरलीस की धरणीमाता! तुला रुंद, चपटं पेडल, वर बारीक दाते. धरेल, पण अडवणार नाही." तिनं छतावरून एक जोडी उतरवली. मग जरा रोखून बघत म्हणाली, "पण वहिनी, डबा वाजायच्या आधी तू गेली कुठे होतीस गं? चेहरा तर पार आभाळात होता."

"कुठे जाणार? इथेच तर होते," मागची म्हणाली आणि पदरानं नसलेला घाम पुसू लागली.

नणंद तिच्यासोबतच घरी आली, पुढची पेडलं काढायला. पुढची पेडलं खटक्याची होती. म्हणजे कसं, की बुटाच्या तळव्याला एक पट्टी असते. ती पेडलात बसली की खट् असा आवाज होतो आणि पाय तिथेच जडतो. सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. पुढच्याचे पाय वर्षानुवर्षं त्या खटक्यात राहिले होते. नणंदेनं डाव्या पेडलला पाना लावला, जोर लावला, अंगाचा सगळा भार टाकला. पेडल ढिम्म.

"गंजलंय का हो?" मागचीनं विचारलं.

"गंज नाही. कुणीतरी मुद्दाम आवळलंय." नणंदेनं खिडकीकडे मोठ्यानं तोंड केलं. "डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे घरात ज्याला ठाऊक आहे, त्यानं!"

खिडकीतून नुसता खोकला आला. चोराच्या मनात चांदणं.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा," नणंद म्हणाली. "ज्यानं आवळलं त्यालाच सोडवू दे. मला दुकान आहे." चपटी पेडलं ओट्यावर ठेवून ती तरातरा निघून गेली.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? वाट पाहिली असती, गोडीगुलाबीनं समजावलं असतं. मागचीनं काय केलं ऐका. दुपारी पुढचा खुर्चीत पेंगत असताना तिनं त्याचे बूट कोनाड्यातून काढले, ते पट्टीवाले, तिच्या पायाला होडीएवढे मोठे. बैठकीच्या पडद्यांच्या उरलेल्या चिंध्या पुढे कोंबल्या आणि ते घातले. त्याची पेडलं निघत नाहीत ना? राहू देत. आपण त्याचे पाय होऊ. भिंत धरून ती पुढच्या सीटवर चढली. खट्. खट्. दोन्ही पाय बसले. तिला इतका आनंद झाला की भिंत सोडली आणि निघाली.

अंगण ते केवढं! समोर फाटक, फाटक बंद. तिनं ब्रेक दाबला, सायकल उभी राहिली, आणि पाय जमिनीकडे धावले. म्हणजे धावायला गेले. निघेचनात. मागे कुणी नसलेली ती लांबलचक सायकल एक क्षण विचार करत उभी राहिली आणि मग तिला घेऊन सावकाश, अगदी सावकाश, आडवी झाली.

आवाज ऐकून पुढचा आला. भिंतीवरून बोटं फिरवत, पायरी चुकत, धडपडत. पण खुर्चीतून उठून आला.

"लागलं?"

"नाही."

"खरं सांग."

"कोपराला लागलंय," ती आडव्यानंच म्हणाली. "आणि अब्रूला."

तो गुडघ्यांवर बसला, तिचा पाय चाचपडला, आणि हात थांबला. "हे बूट कुणाचे?"

"तुमचे."

"आत काय भरलंयस?"

"चिंध्या. आपल्या बैठकीच्या पडद्याच्या."

त्यानं तिची टाच धरून बाहेर वळवली. खट्. दुसरी वळवली. खट्. आणि मग तो हसू लागला. कितीतरी दिवसांत त्या घरात तो आवाज झाला नव्हता. हसता हसता तो म्हणाला, "माझी पेडलं काढायला नकोत म्हणून तू माझे बूट घातलेस?"

"मग काय करू?" मागचीला आता रडू आवरेना. "तुम्ही त्या खुर्चीत मुरत चाललात, मला बघवत नाही. पुढे बसायची हौस आहे का मला? भीती वाटते! पण तुमच्याशिवाय ती सायकल काय पूजेला ठेवू? आणि मी स्वतःचं काय करू?"

त्यानं तिच्या पायातून बूट काढले, आतल्या चिंध्या एकेक करून बाहेर ओढल्या. मग म्हणाला, "माझी पेडलं पुढे आहेत तोवर ती जागा माझी, असं वाटायचं मला."

"ठाऊक आहे."

"आण तो पाना."

सायकल दोघांनी मिळून उभी केली. तिनं ती घट्ट धरून ठेवली, त्यानं बोटांनी पेडलची मान शोधली, पाना बसवला आणि पान्यावर उभाच राहिला, भिंतीला हात लावून. पेडल करकरलं, नाहीच म्हणालं, आणि मग सुटलं. उरलेले आटे त्यानं बोटांनीच फिरवले, मग उजवंही तसंच काढलं. पेडल तळहातावर घेऊन तो ते तोलत राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही, म्हणून ती ब्रेकच्या तारेकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी नणंद पाना घेऊन हजर. वहिनीची चपटी पेडलं तिनं पुढे लावली आणि दादासाठीही तसलीच एक जोडी आणली होती. बरोबरच आहे, ज्याला दिसत नाही त्याचे पाय मोकळे हवेत, हे कुणीही सांगेल. मग सायकल दुकानात नेऊन मोठ्या स्टँडवर चढवली आणि पेडलांना खडू फासला. मागची पुढे चढली, पुढचा मागे. तो मागचं हँडल असं धरून बसला होता, जणू ते वळवता येईल अशी अजून आशा आहे.

पेडलं फिरू लागली. नणंदेनं दणका घातला. मागचीचे पाय थबकले, त्यासरशी चारही पेडलं थबकली, आणि पुढच्याचा पाय दातांवरून निसटला. पेडल उलटं येऊन नडगीवर आदळलं. पण त्याचं दुःख त्याला नव्हतं. त्याचा पाय हवेत पेडल शोधत राहिला, पलंगाखाली चप्पल शोधावी तसा, इकडे, तिकडे, आणि सापडेना.

"उतरव मला," तो म्हणाला. "नाही जमायचं हे."

आता हा उतरला तर परत चढणार नाही, हे मागचीला उघड दिसत होतं.

नणंद मात्र त्याचे तळवे बघत होती. आज तिला हसू आलं नाही. "दादा," ती म्हणाली, "तुझा पाय जमिनीकडे गेलाच नाही. सगळ्या खुणा वरच्या वर, लांबच लांब. घाबरल्यावर तू पळत नाहीस. धरायला बघतोस."

तिनं चपटी पेडलं काढली आणि ओळखीची जोडी पिशवीतून बाहेर घेतली. त्याचीच, पुढून काढलेली. पायाला नुसती लागताच त्याला कळली.

"खटक्याची?" तो म्हणाला. "डोळे नाहीत, वरून पायही बांधून ठेवता?"

"बांधतंय कोण? टाच वळव की मोकळा. पण पाय एकदा सुटला तर पेडल तुला परत सापडायचं नाही. आणि ही थांबली की तू थांबशील, ही निघाली की निघशील. वेगळं काही करायचंच नाहीये तुला."

"आणि हिनं पाडलं तर?"

"तर दोघं पडू," मागची म्हणाली. "इतक्या वर्षांत तुम्ही मला पाडलंत का?"

"एकदा. पुलावर."

"ते मी धरत नाही."

तो किंचित हसला. मग त्यानं पिशवीतले पट्टीवाले बूट चढवले आणि पाय पुढे केला. खट्. आणि दुसरा. खट्. नणंदेनं पुन्हा डबा वाजवला, दोनदा वाजवला, तरी पाय जागचे हलले नाहीत. तिनं डोळे पुसले, आपण पुसले नाहीत असं दाखवलं, आणि जाता जाता पुढच्या हँडलवरच्या छोट्या आरशाकडे हात नेला. "आता तरी हा सरळ करते. जन्मभर वाकडा ठेवलास. मागची गाडी दिसते का यात कधी?"

"आरशाला हात लावू नकोस!" पुढचा असा ओरडला की वरची सगळी पेडलं किणकिणली.

"राहू दे बाबा, राहू दे," नणंद म्हणाली. त्या आरशावरून बहीण-भावाचं भांडण जुनंच होतं.

सुटीची सकाळ उजाडली. मागची पुढे बसली. तिच्यासमोर पाठ नव्हती. केवढा तो रस्ता! गल्ली, चौक, दुकानांची बंद दारं, सगळं एकदम अंगावर आलं आणि तिला वाटलं, उतरावं आणि घरी जाऊन पडदे शिवावेत. पण पाठीमागे खट् वाजलं, पुन्हा खट् वाजलं, आणि आवाज आला, "चला."

पहिल्यांदा त्याचे पाय जड होते. विश्वास नसलेले पाय पेडलला मागे ओढतात. तिच्या पोटऱ्यांना ते कळत होतं. "खड्डा," ती म्हणायची. "वळण. उजवीकडे वळतोय. आता चढ." एकेका शब्दानं ते पाय थोडे थोडे सैल होत गेले. पाण्याची टाकी आली, झाडांची सावली आली, आणि या खेपेस सायकल थबकली नाही. चढावर दोघांनी मिळून जोर लावला. आणि माथ्यावर आल्यावर, सायकल उताराला लागली तेव्हा, मागचे पाय एकदम हलके झाले. फिरत होते, पण त्यांच्यात कुणी नव्हतं. ते हलकेपण तिच्या ओळखीचं होतं, अगदी घरचं. तिचंच होतं ते.

मागून गाडी तर येत नाही ना, म्हणून तिनं आरशात पाहिलं.

आरशात रस्ता नव्हताच. त्या वाटोळ्या काचेत मावेल एवढा एक चेहरा होता. डोळे मिटलेले, ओठ जरासे उघडे, केस वाऱ्यावर, आणि खुर्चीतल्या त्या माणसाचा मागमूसही नाही. आरसा वाकडा नव्हता. तो कधीच वाकडा नव्हता. तो मागच्या सीटवरच्या चेहऱ्यावर नेमका लावलेला होता, आणि जन्मभर त्यात तिचा चेहरा होता. मिटलेल्या डोळ्यांचा.

अरे देवा. म्हणजे याला ठाऊक होतं! तिच्या कानांच्या पाळ्या या वयात गरम झाल्या. पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि एका शब्दानं बोलला नाही.

तेवढ्यात वळण आलं. तळ्याचं वळण. तिनं डावीकडे पाहिलं.

तळं नव्हतं. तिथे पत्र्याच्या वखारी होत्या, ओळीनं. आणि काल-परवाच्या नव्हत्या. पत्रे गंजून लाल झालेले, भिंतींवरून वेल छपरापर्यंत चढलेले, एका पन्हळीत तर झाड उगवून त्याचं खोड झालेलं. तळं कधीच बुजलं होतं. त्याचे डोळे धडधाकट होते तेव्हाच बुजलं होतं. आणि त्यानंतरही प्रत्येक सुटीला, याच वळणावर, या गंजक्या पत्र्यांकडे बघत तो ओरडत राहिला होता. कुणासाठी? आरशातल्या त्या मिटल्या डोळ्यांसाठी.

तिचा ऊर भरून आला. पण पुढे बसलेल्याला रडायची सोय नसते, रस्ता दिसेनासा होतो. तिनं बाहीनं डोळे कोरडे केले, हँडल नीट धरलं, आणि गळा साफ करून ओरडली, "डावीकडे बगळे!"

मागचे पाय एक क्षण थबकले. चारही पेडलं थबकली. मग पाय पुन्हा फिरू लागले आणि तिच्या पाठीशी, अगदी जवळून, तो म्हणाला, "उडाले का?"

तिनं आरशात पाहिलं. डोळे मिटलेलेच होते.

"नाही," ती म्हणाली. "अजून बसलेत."